मुनादीत ‘पण’ नसतो

एकोडीच्या रस्त्यानं आत वळलं की तलावाची पाळ लागते, आणि पाळीला टेकून आंबेटोला ही लहानशी वस्ती. या टोल्यात एखादी गोष्ट घडली असं कधी मानायचं, तर ती इश्वर लांजेवारच्या तोंडून ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर आली म्हणजे. रेशनचा तांदूळ आला, तलावाचं पाणी सुटणार आहे, पोरांना डोस पाजायला नर्सबाई आल्या, कोणाची तरी काळी शेळी सकाळपासून दिसत नाही, सगळं इश्वर सांगणार. एकदा म्हणे एका म्हाताऱ्याच्या मरणाची मुनादी द्यायला तो विसरला, तर मयतीला चारच माणसं जमली आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हाताऱ्याच्या घरी त्याचीच तब्येत विचारायला आले. ही गोष्ट खरी नसेल. पण इश्वर स्वतःच ती सांगायचा, आणि सांगताना छाती अशी फुगवायचा की शर्टाची गुंडी तुटते की काय असं वाटावं.

मुनादी म्हणजे दवंडी. भोंगा नव्हता तेव्हा गुलाब कोतवाल गल्लीगल्लीतून पुकारत फिरायचा आणि शाळा बुडवून इश्वर त्याच्या मागे. पुढे पंचायतीनं भोंगा घेतला, तोवर गुलाबचे गुडघे गेले होते. माइक कोणाच्या हाती द्यायचा, असा विषय निघाला तेव्हा त्यानंच इश्वरचं नाव सांगितलं आणि जाता जाता धंद्याची किल्ली त्याच्या हाती ठेवली.

"आयक इश्वर, मुनादीत ‘पन’ नसते. लोक अर्धं आयकतेत. ‘उद्या नर्सबाई येतीन, पन पानी आलं तं नाही येतीन’ असं सांगशीन, तं अर्धे जातीन, अर्धे नाही जातीन, आन शिव्या तुले बसतीन."

इश्वरनं हे वाक्य गाठीशी बांधलं. त्याच्या मुनादीत कधी ‘पण’ आला नाही, ‘बहुतेक’ आला नाही, ‘जमलं तर’ आलं नाही. एक वाक्य, एक हुकूम, भोंगा बंद. त्यामुळेच लोक त्याच्यावर भरवसा ठेवायचे. त्याला वाईट माणूस आजही कोणी म्हणणार नाही. पण गेल्या दिवाळीनंतर काही दिवस तो चांगला वागला असंही कोणाला म्हणता येणार नाही, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

इश्वरला एकच मुलगी, रेणू. पुण्याच्या एका संस्थेत ती संशोधन करते. कशावर, हे सांगणं हा इश्वरचा आवडता उद्योग होता, आणि तो ते प्रत्येकाला नव्या चवीनं सांगायचा.

"माझी पोरगी तुफानाच्या डोक्यावरच्या लाटा पाह्यते," तो पानठेल्यावर म्हणायचा.

"लाटा तं समुद्रात राह्यतेत, इश्वरभाऊ. डोक्यावर कोठून आल्या?"

मग इश्वर तलावाकडे बोट दाखवून सुरू व्हायचा. रेणूनं मागच्या उन्हाळ्यात पाळीवर बसून त्याला हे समजावलं होतं. तिनं पाण्यात खडा टाकला. गोल लहरी पसरत काठाला आल्या.

"समुद्रावरच्या तुफानाच्या पोटात गरम हवा उसळ्या मारते, बाबा," ती म्हणाली होती. "त्या धक्क्यानं वरची हवा हालते, आन अशाच लहरी गोल गोल पसरत जातेत. ढगाच्याही खूप वर. डोळ्याले नाही दिसत. पन तिथली हवा थोडी गरम, मंग थोडी थंडी, मंग पुन्हा गरम, अशी होत जाते. उपग्रहाले ती गरमी-थंडी समजते."

"मंग?"

"मंग काय. तुफान जोर धरते तवा लहरी जास्ती दिसतेत. जोर गेला का कमी होतेत. तुफानाच्या मधात जाऊन वारा मोजाले कोन जाईन? वरून पाहाले गेलं तं ढगाचं झाकन. म्हनून आमी लहरीवरून त्याचा जोर ओळखाले पाहून राहिलो."

इश्वरला यातलं एवढं कळलं की खडा दिसला नाही तरी लहरींवरून खडा केवढा ते सांगता येतं. तेवढं कळणं पुष्कळ होतं, आणि बरोबरही होतं. पण त्याला फोडणी दिल्याशिवाय राहवेना. पानठेल्यावर रेणू लहरी पाहायची, एकोडीच्या बाजारात ती त्या मोजायची, आणि साकोलीला एका सोयऱ्याच्या लग्नात तर तिनं एक अख्खं तुफान माघारी पाठवलं. शोभा, त्याची बायको, कपाळाला हात लावायची.

"पोरीच्या नावानं कायले एवढ्या थापा सोडून राहिले तुमी? उद्या तिच्याच गळ्यात येईन."

"तुले नाही समजनार. हे ज्ञान आहे."

उथळ पाण्याला खळखळाट फार, हे शोभाला समजत होतं. बोलून काय उपयोग, म्हणून ती गप्प बसायची.

दिवाळी झाली. भाऊबीज झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार नाचते, रात्री नाटक होतं, लेकी-जावई, सोयरे-धायरे येतात आणि घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. आंबेटोल्याच्या मंडईचा दिवस ठरला होता. यंदा मंडईत रेणूला शाल-श्रीफळ द्यायचं, असंही कमिटीनं ठरवलं होतं. अडचण एकच होती. बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, धान पिवळा होऊन उभा होता, आणि पाहुणे आल्यावर कापणीला हात कुठून आणणार? मंडईआधी कापायचा, कडपा म्हणजे कापलेला धान बांधीत पसरून वाळू द्यायचा, मग पेंढ्या बांधून पुंजणे घालायचे, असा सगळ्यांचा बेत. तेवढ्यात बंगालच्या खाडीत तुफान उठलं. टीव्हीवर रोज त्याचा भोवरा फिरताना दिसायचा, आणि खाली पट्टीवर पूर्व विदर्भात पावसाची शक्यता. उभा धान पाऊस थोडाफार सोसतो, पण कडपा भिजल्या की संपलं. लोक विळ्याला धार लावून बसले होते आणि विळा उचलत नव्हते.

मंडई कमिटीचा अध्यक्ष योगेंद्र. एका सकाळी पंचायतीच्या ओट्यावर दहा-पंधरा जण जमले असताना तो म्हणाला, "इश्वरभाऊ, घरात डाक्टर असून गावभर दवा कायले मांगाची? लावा न पोरीले फोन."

बस, एवढंच हवं होतं. इश्वरनं आधी आत जाऊन मशीन चालू केलं, म्हणजे खबर मिळाली की लगेच मुनादी. भोंगा छपरावर घुं घुं करू लागला. मग ओट्यावर येऊन त्यानं फोन लावला. स्पीकरवर टाकला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण मोठी माणसं फोन कानाला लावून, मान हलवत बोलतात, असं त्यानं पाहिलं होतं. त्यानंही तसंच केलं.

"बेटा, तुझं तुफान काय म्हनते?"

हा प्रश्न तो रोजच विचारायचा. रेणूला वाटलं, आजही तसाच विचारतोय. बाजूला गाव उभा आहे आणि डोक्यावर भोंगा तापतोय, हे तिला कोण सांगणार?

"आज सकाळच्या चित्रात लहरी जवळजवळ नाहीच, बाबा. कमजोर पडून राहिलं ते."

"कमजोर?" इश्वरनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं. ओट्यावर मान उंचावून बसलेल्यांचे चेहरे खुलले.

"हो, कमजोर. पन बाबा, पाऊस..."

"बरं बरं, ठेवतो बेटा," म्हणून इश्वरनं फोन बंद केला.

तो ‘पन’ त्यानं ऐकला होता. त्याच्यामागचा ‘पाऊस’ही ऐकला होता. कान त्याचे चांगले शाबूत आहेत. पण समोर सगळे वाट पाहत होते, मशीन तापलं होतं, आणि मुनादीत ‘पण’ नसतो. तो आत गेला, माइकवर फुंकर मारली, आणि आंबेटोल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याचा आवाज घुमला.

"आयका हो आयका, गावकरी मंडळी! पुन्याहून उपग्रहाची खबर आहे. तुफान कमजोर झालं. बिनघोर कापनी करा हो, बिनघोर!"

बिनघोर हा शब्द रेणूचा नव्हता. उपग्रहाचा तर नव्हताच.

आता ‘कमजोर’ म्हटल्यावर आंबेटोल्यात काय समजतात? बैलबाजारात ‘कमजोर’ म्हणजे जो बैल ना शिंग मारतो ना लाथ. त्याला भ्यायचं कारण नाही, त्याच्या शेपटीला लेकरं लोंबकळतात. तुफान कमजोर झालं म्हणजे विषय संपला. दुपारपर्यंत बांध्या माणसांनी भरल्या. इश्वर पानठेल्यावर बसला होता आणि येणारा-जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारत होता. खिशात फोन वाजला. रेणू होती. चार माणसांसमोर शंका-कुशंका कशाला, म्हणून त्यानं तो वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. संध्याकाळी लावू म्हणाला आणि संध्याकाळी विसरला, किंवा विसरल्यासारखं केलं. घरात फोन एकच, तो त्याच्या खिशात. या सगळ्या मानपानात त्याचा स्वतःचा धान कापायचा राहिला. शोभा एकटी काय काय करणार?

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. आणि मग पाऊस लागला. वारा म्हणाल तर पिंपळाचं पान हलत नव्हतं. कौल उडालं नाही, फांदी मोडली नाही. तुफान खरोखरच कमजोर झालं होतं, रेणूच्या शब्दाला शब्द. पण ते येऊन आपल्या डोक्यावर बसलं आणि बसल्या जागी पाणी ओतत राहिलं. दिवस उगवायचा तोही पाण्यात, मावळायचा तोही पाण्यात. बांध्या तुडुंब भरल्या, कडपा पाण्यावर तरंगल्या, मग बुडल्या. उघडीप झाली तेव्हा लोंब्यांमधून पांढरे कोंब डोकावत होते. मंडई पुढे ढकलली गेली.

गोदावरीबाई ही टोल्यातली जुनी बाई, एकटी राहणारी, एकटी शेत करणारी. टीव्ही पाहून ती आधी थांबणारच होती. ती कोंब फुटलेल्या लोंब्यांची मूठ घेऊन इश्वरच्या दारात आली. ओरडली नाही, रडली नाही.

"तुझा आवाज आला म्हनून मी विळा उचलला, इश्वर," एवढंच म्हणाली.

तिच्या मागे आणखी दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यातला एक जण इश्वरच्या बांधीकडे पाहून म्हणाला, "याचा धान तं उभाच आहे. बापाले बरोबर मालूम होतं."

खोटा आळ होता, पण साफ खोटा कुठं होता? काहीतरी इश्वरला माहीत होतंच. एक ‘पण’ माहीत होता. त्या क्षणी सरळ सांगून टाकलं असतं तर चार शिव्या खाऊन सुटला असता. पण तीस वर्षं ज्या आवाजावर गावानं भरवसा ठेवला, तो आवाज खोटा पडतोय हे त्याला सोसेना. हातात जे सापडलं ते त्यानं पुढे केलं.

"मी का घरचं सांगतो, मावशी? पोरीनं जसं सांगतलं तसं मी सांगतलं."

आत चुलीपाशी शोभाचा हात थांबला. दारातली माणसं निघून गेली. इश्वर ओट्यावर बसून राहिला. आपण आता काय बोललो ते त्याच्या नीट लक्षात आलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली. तरी उठून कोणाच्या मागे गेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला सांगत राहिला.

चार दिवसांत रेणूला नवं नाव पडलं, कमजोर मॅडम. पानठेल्यावर कोणी पान थुंकून म्हणायचं, "आज कमजोर मॅडमचा काय अंदाज?" आणि हशा पिकायचा. इश्वर तिथं असला की हशा जरा दबका व्हायचा. तो सुपारी कातरत बसायचा, जणू कोण्या परक्या बाईबद्दल चाललंय. एकदा तर, सांगायलाही लाज वाटते, तोही हसला. घरी आल्यावर त्याला भाकर जाईना. शोभानं विचारलं तर म्हणाला, पित्त झालं.

पाऊस लागल्यापासून इश्वर रेणूशी फोनवर हो-नाहीपलीकडे बोलला नव्हता, त्यामुळे मंडईसाठी आली तेव्हा हे नाव ती एकोडीच्या स्टँडवरूनच ऐकत आली. ऑटोत बसलेल्या बायका आपापसात बोलल्या आणि ओळखू आल्यावर गप्प झाल्या. घरात पाऊल टाकताच तिनं बॅग खाली ठेवली.

"बाबा, हे काय आहे? तुमी माह्या नावानं मुनादी देली?"

"लोकायनं इचारलं, बेटा."

"मी तुमाले पावसाचं सांगत होती न? वारा कमजोर झाला तरी पानी येईन, हेच सांगत होती. मंग फोन काहून बंद झाला?"

शोभा दाराला टेकून उभी होती. इश्वरनं तिच्याकडे पाहिलं नाही. पोरीकडेही पाहिलं नाही. खुंटीवरच्या टोपीकडे पाहत तो म्हणाला, "टावर गेला होता. आवाजच कटला."

रेणूनं बॅग उचलून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाली, "हो. असंन." आणि हातपाय धुवायला गेली.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते इश्वरला त्या वेळी कळलं. जमीन काही दुभंगली नाही. त्याला रात्रभर तिथंच, पोरीच्या खोलीच्या भिंतीला लागून, झोपेचं सोंग घेऊन पडावं लागलं.

मंडईच्या दिवशी ऊन पडलं होतं. धान गेला तरी पाहुणे आले होते, फुगेवाले आले होते, दंडारीची पोरं पायात चाळ बांधून बसली होती. फक्त कमिटीची मंडळी एकमेकांच्या कानाला लागत होती. सत्काराचं काय करायचं? शाल आणलेली. द्यावी तर लोक चिडतील, न द्यावी तर पोरगी समोर बसलेली. शेवटी योगेंद्र चाचरत तिच्याकडे आला.

"रेणूताई, ते सत्काराचं... म्हंजे, यंदा जरा..."

"शाल नका देऊ, भाऊ. थोडा वेळ माइक द्या."

माइक इश्वरच्या हातात होता. मंडईचा पुकारा तोच करायचा. तो त्यानं पोरीच्या हातात दिला आणि बाजूला वायर धरून उभा राहिला. आता ही सगळ्यांसमोर सांगणार, आणि सांगितलं तर बरंच होईल, असंही त्याला त्याच वेळी वाटत होतं.

रेणूनं आधी तलावातल्या खड्याची गोष्ट सांगितली. उपग्रह काय पाहतो, काय पाहत नाही, ते सांगितलं. मग म्हणाली, "लहरी पाहून आमाले फक्त वाऱ्याचा जोर समजते, तोही अंदाजानं. मधातल्या हवेनं लहरी अडवल्या तं जोर असूनही त्या दिसत नाही. आन पाऊस किती पडंन, हे लहरी सांगतच नाही. मी ‘कमजोर’ म्हटलं ते वाऱ्याले म्हटलं. कमजोर बैल शिंग मारत नाही, हे तुमाले मालूम आहे. पन कमजोर बैल बांधीच्या मधात बसला तं काय होते?"

"उठत नाही बापा!" मागून कोणी तरी म्हणालं, आणि बऱ्याच दिवसांनी लोक मोकळे हसले.

"तेच झालं. तुफान आपल्या बांधीत बसलं आन उठलंच नाही." रेणूही हसली, मग तिचा आवाज खाली आला. "मी याच टोल्याची आहो. ‘कमजोर’ म्हटल्यावर माझ्या गावचे लोक काय समजतीन, हे मले समजाले पाहिजे होतं. पावसाचं मी पहिले सांगाले पाहिजे होतं, मंग वाऱ्याचं. चूक माझी आहे. मले माफ करा."

मग गोदावरीबाई उठली, कमिटीच्या टेबलावरून शाल उचलली आणि रेणूच्या खांद्यावर टाकली. म्हणाली, "धान पुढच्या साली येईन, बाई. खरं बोलनारं मानूस दरसाल नाही येत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इश्वरनं वाजवल्या नाहीत. त्याच्या हातात वायर होती. पुढचा पुकारा त्याचाच होता, दंडार सुरू होत आहे, एवढंच सांगायचं. रेणूनं माइक परत दिला तेव्हा त्याच्या घशातून आवाज निघेना. योगेंद्रनंच वेळ मारून नेली. लोकांना वाटलं, पोरीच्या कौतुकानं बापाचा गळा दाटून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेणूची बॅग घेऊन तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला. दोघं पाळ उतरून बांध्यांमधून चालले. दोन्ही बाजूंच्या बांध्यांतून कुजलेल्या धानाचा वास येत होता. रस्त्याला लागल्यावर इश्वरनं बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "बेटा, टावर नव्हता गेला. फोन मी बंद केला होता."

"मालूम आहे, बाबा."

"कसं?"

"टावर गेला तं ‘बरं बरं, ठेवतो’ असं आयकू नाही येत."

इश्वरला हे सुचलंच नव्हतं. खोटं बोलतानाही त्याला फोनवरचं अर्धंच आठवलं होतं, स्वतःचं सोडून.

"मंग काल माइकवर काहून नाही सांगतलं? सारं आपल्या डोक्यावर काहून घेतलं?"

रेणू बसच्या दिशेनं पाहत होती. "मी तं पुन्याले चालली. मले तिथं कोनी कमजोर मॅडम म्हनत नाही. तुमाले इथंच राहाचं आहे, याच भोंग्याखाली. उद्या तुमी तलावाचं पानी सुटते म्हनसान आन लोक भरवसा नाही ठेवनार, तं कसं होईन?"

बस आली. ती चढली, खिडकीतून हात हलवला, शालीची घडी मांडीवर होती. इश्वरला हात हलवायचाही धीर झाला नाही. आपण तिला गावासमोर उघडं पाडलं आणि तिनं आपल्याला पांघरूण घातलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्याला एवढी लाज जन्मात कधी वाटली नव्हती.

परत येताना पानठेल्यावर योगेंद्र बसला होता. त्यानं सरकून जागा केली. "पोरगी मोठ्या मनाची आहे तुमची, इश्वरभाऊ. आपली चूक चारचौघांत कबूल कराले कलेजा लागते."

हे चांगल्या मनानं म्हटलेलं वाक्य इश्वरला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. तो बसला नाही. उभ्या उभ्याच, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "चूक तिची नव्हती. ‘पन बाबा, पाऊस’ असं म्हनत होती ते. माझ्या या कानानं आयकलं, आन फोन ठेवून देला. बिनघोर मीच म्हटलं."

पानवाल्याचा चुन्याचा हात तसाच राहिला. इश्वर घरी निघून गेला.

अशा गोष्टीला भोंगा लागत नाही. दिवेलागणीच्या आत ती टोल्याच्या शेवटच्या घरापर्यंत पोचली. गोदावरीबाई पुन्हा त्याच दारात येऊन उभी राहिली. इश्वर हात जोडून उठला.

"आयकलं मी," ती म्हणाली.

"चुकलं, मावशी."

"चुकलं ते समजलं. पन मी विळा भोंग्यानं उचलला होता, इश्वर. पानठेल्यानं नाही."

ती गेली. शोभानं खुंटीवरची टोपी काढून इश्वरच्या हातात दिली. ती त्यानं डोक्यावर घातली आणि पंचायतीकडे चालू लागला. कुलूप उघडलं, मशीन चालू केलं. छपरावर भोंगा घुं घुं करू लागला तशी घराघरांतून माणसं अंगणात आली, कारण या वेळेला मुनादी म्हणजे कोणी तरी गेलं असणार. माइक हातात घेतल्यावर इश्वरनं फुंकर मारली नाही. पहिल्यांदा गावानं त्याचा नुसता श्वास ऐकला, बराच वेळ.

"आयका हो आयका, गावकरी मंडळी," तो म्हणाला. "मागच्या मुनादीत एक ‘पन’ राहून गेला."